वॉकर आडनाव कुठून आले आणि इतक्या जणांचे कसे झाले

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीने इंग्लंडमध्ये लग्न केले, जावयाचे आडनाव वॉकर. त्याचे पणजोबा यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या बाजूचे. व्याही म्हणतात, पूर्वज पायी टपाल पोचवणारे असतील, म्हणून हे नाव. नातवाच्या बारशाला ‘वॉकर घराण्याचे मानचिन्ह’, म्हणजे ढालीवरचे कुलचिन्ह, फ्रेम करून द्यायचा विचार आहे, ते खरे असते का? आणि हे आडनाव असलेली सगळी माणसे एकाच कुळातली का?

आधी थेट उत्तर देतो. टपालाची गोष्ट निराधार आहे. विणून आलेले लोकरीचे कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा कारागीर, तो वॉकर. कुळ एक नाही, शेकडो आहेत. मानचिन्ह घेऊ नका, त्याबद्दल पुढे लिहितो. हॅलिफॅक्स हा धागा मात्र तुमच्या हाती फार मोलाचा लागला आहे. या आडनावाचा इतिहास जिथे सर्वांत दाट आहे त्याच मुलखातले ते गाव आहे.

आज इंग्रजीत ‘वॉक’ म्हणजे चालणे, म्हणून ही गफलत होते. जुन्या इंग्रजीतले मूळ क्रियापद ‘वेआल्कन’. त्याचा अर्थ लोळवणे, घुसळणे, उलथापालथ करणे. समुद्राच्या लाटांबद्दलही ते वापरले जाई. ‘वेआल्केरे’ म्हणजे कापड असे घोळसणारा माणूस. ‘पायी चालणे’ हा अर्थ त्या शब्दाला पुढे कधीतरी चिकटला आणि मूळ अर्थाला मागे सारून बसला. जर्मन भाषेने जुना अर्थ सोडला नाही. तिथे ‘वाल्कन’ म्हणजे आजही लोकर तुडवून, मळून घट्ट करणे. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलमध्येही पुरावा आहे. ख्रिस्ताची वस्त्रे पृथ्वीवरच्या कुणा कारागिराला करता येणार नाहीत इतकी शुभ्र झाली, असे मार्कच्या शुभवर्तमानात एक वाक्य आहे. तिथे त्या कारागिरासाठी ‘फुलर’ आणि ‘वॉकर’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिले आहेत. म्हणजे एका भागातल्या वाचकाला एक शब्द कळेल, दुसऱ्या भागातल्याला दुसरा.

हे काम नेमके काय होते ते समजून घ्या, कारण त्याशिवाय हे आडनाव गावोगाव का उगवले ते कळत नाही. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड अंगावर घालण्याजोगे नसते. ते विरळ असते. मेंढीच्या अंगचा मेणचट ओशटपणा त्यात असतो, शिवाय सूत कातताना लावलेले तेल किंवा लोणी असते. ते कापड एका लांबट कुंडात टाकायचे, त्यात शिळे मूत्र ओतायचे आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचे. मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. यॉर्कशरमध्ये त्यासाठी घरोघरचे मूत्र गोळा केले जाई. नंतर एक विशिष्ट माती लावून पुन्हा तुडवायचे, म्हणजे उरलेले तेल ती शोषून घेते. ही माती आपल्या घरात असते, मुलतानी माती म्हणून. तिचे ‘फुलर्स अर्थ’ हे इंग्रजी नाव याच धंद्यावरून पडले आहे. तुडवता तुडवता लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात, कापड आटते, जाड होते, विणीतली भोके बुजतात. वारा आणि पाऊस अडवणारे इंग्लिश कापड तयार होते ते या पायरीवर. विणकराचे कौशल्य त्याच्याआधीचे आणि शिंप्याचे नंतरचे. मधले हे घाणेरडे, गार पाण्यातले, कष्टाचे काम ज्याने केले त्याचे नाव मात्र टिकले, याचे मला नेहमी समाधान वाटते.

आटलेले कापड मग उघड्यावर लाकडी चौकटींवर ताणून वाळवत. चौकटीच्या कडेला वाकडे खिळे असत, त्यांत कापडाची किनार अडकवायची. या चौकटीला ‘टेंटर’ म्हणत. उत्तर इंग्लंडच्या जुन्या नकाशांत शेतांच्या आणि माळांच्या नावांत हा शब्द वारंवार भेटतो. इंग्रजीत मन टांगणीला लागणे या अर्थाचा वाक्प्रचार त्या खिळ्यांवरूनच आला.

या एकाच कारागिराला इंग्लंडमध्ये तीन नावे होती. दक्षिणेत आणि पूर्वेत तो फुलर, नैर्ऋत्येत डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, आणि उत्तरेत व पश्चिम मिडलंड्समध्ये वॉकर. तिन्ही शब्द आडनावे झाले. एखाद्या इंग्रज घराण्याचे मूळ कुठे शोधावे हे ठरवताना या तिघांइतका उपयोगी पुरावा क्वचित मिळतो. आजोबा टकर असतील तर मी आधी एक्सेटरकडे बघतो. तिथे विणकर, फुलर आणि कापड कातरणारे यांच्या संघाची १४७१ मध्ये बांधलेली वास्तू अजून उभी आहे आणि तिला टकर्स हॉल म्हणतात. फुलर असतील तर ससेक्स, केंट, नॉरफोक. वॉकर असतील तर यॉर्कशर, लँकेशर, डर्बीशर, स्टॅफर्डशर, आणि सीमेपलीकडे स्कॉटलंड. हा काही नियम नाही, माणसे स्थलांतर करतातच. पण पहिला अंदाज म्हणून तो क्वचित फसवतो.

वस्त्रोद्योगातली इतर आडनावेही अशीच विभागलेली आहेत. रंगाऱ्याला उत्तरेत लिस्टर म्हणत, इतरत्र डायर. विणकर दक्षिणेत वेब, उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये वेबस्टर. कापडावरची लव कातरणारा तो शेरमन किंवा शिअरर. मेंढीच्या पाठीपासून शिंप्याच्या कात्रीपर्यंत प्रत्येक टप्प्याला एक आडनाव आहे, आणि मध्ययुगीन इंग्लंडची संपत्ती कशावर उभी होती हे त्यावरूनच दिसते.

आता पाणचक्कीबद्दल. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये कापड तुडवण्याचे काम ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांकडे जाऊ लागले. टेंपलर या धर्मयुद्धे लढणाऱ्या ख्रिस्ती संघाच्या सरदारांच्या इस्टेटींची ११८५ मध्ये पाहणी झाली, तीत अशा दोन चक्क्यांची नोंद आहे. त्यांपैकी एक न्यूसम इथली, म्हणजे आजच्या लीड्स शहराच्या कडेचे टेंपल न्यूसम. तुमच्या हॅलिफॅक्सपासून ते लांब नाही. या चक्कीला उत्तरेत ‘वॉक मिल’ म्हणत आणि त्या नावाच्या वाड्या, रस्ते, शेते आजही आहेत. वेल्समध्ये तिला ‘पँडी’ म्हणतात, टोनीपँडी हे गावाचे नाव त्यातलेच. म्हणजे आडनावे पक्की होत होती त्या काळात कित्येक वॉकर स्वतः पायांनी तुडवत नसत, चक्की सांभाळत. काम यंत्राकडे गेले तरी माणसाचे नाव जुनेच राहिले. हातापायांनी करायची पद्धत सगळीकडे संपली मात्र नाही. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बायका मेजाभोवती बसून ओले कापड आपटत, ठेक्यात गाणी म्हणत हे काम करत. ती परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालू होती आणि ती गाणी ध्वनिमुद्रित आहेत. नातवाला मानचिन्हापेक्षा ती ऐकवा.

धंद्याचे नाव घराण्याचे कसे झाले? तेराव्या शतकातल्या नोंदींत ‘ल वॉकर’ असे लिहिलेले दिसते, म्हणजे ‘तो वॉकर’. हे त्या माणसाचे विशेषण आहे, अजून आडनाव नाही. त्याचा मुलगा सुतार झाला तर त्याला सुतारच म्हणत. उत्तर इंग्लंडमध्ये हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालू राहणे चौदाव्या शतकात आणि काही ठिकाणी त्यानंतरही पक्के झाले. याचा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे १३७९ चा डोईपट्टी कर. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागाच्या त्या कराच्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत. सामान्य रयतेला चार पेनी कर होता, कारागिरांना सहा पेनी किंवा जास्त, म्हणून जास्त भरणाऱ्यांच्या नावापुढे धंदाही लिहिला आहे. त्या याद्यांत काही ठिकाणी आडनाव आणि धंदा जुळतात, काही ठिकाणी जुळत नाहीत. जुळत नाहीत तिथे समजावे की नाव बापाकडून किंवा आजोबाकडून आलेले आहे. मी कुणालाही इंग्रजी आडनावे शिकवायला बसलो की आधी याच याद्या उघडतो.

आपल्याकडे लोहार, कुंभार, रंगारी, शिंपी ही आडनावे जातीशी बांधलेली राहिली, म्हणून मराठी माणसाला वाटते की वॉकर हीही एखादी जात असावी. तसे नव्हते. इंग्लंडमध्ये धंदा जन्माने ठरत नसे. आडनाव गोठले आणि माणसे त्यातून मोकळी होऊन शेतकरी, पाद्री, खलाशी, काहीही झाली. म्हणून सतराव्या शतकातला एखादा वॉकर कापडाच्या धंद्यात होता असे नुसत्या नावावरून म्हणता येत नाही.

काही अपवादही नोंदवायला हवेत. न्यूकॅसल शहरात टाइन नदीकाठी वॉकर नावाचाच भाग आहे. त्याचा कापडाशी संबंध नाही. रोमनांनी बांधलेल्या भिंतीजवळची दलदल, असा त्या स्थळनामाचा अर्थ. तिथून बाहेर पडलेल्या थोड्या घराण्यांना ते नाव लागले असणे शक्य आहे. स्कॉटलंडच्या अर्गाइल भागात गेलिक भाषेत ‘मॅक अन उखकडर’च्या जवळपास उच्चारले जाणारे आडनाव होते, अर्थ ‘कापड घट्ट करणाऱ्याचा मुलगा’. इंग्रजीचा प्रभाव वाढला तेव्हा त्यांतल्या काहींनी थेट वॉकर हे भाषांतर स्वीकारले. आणि जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या वाल्कर कुटुंबांना नावाचे स्पेलिंगही बदलावे लागले नाही. जंगलाची राखण करणाऱ्या वनरक्षकालाही वॉकर म्हणत, यावरून काही जण आडनावाचा उगम तिकडे नेतात. मला ते मोजक्या घराण्यांपलीकडे पटत नाही. उत्तरेच्या कापड मुलखात ज्या दाटीने हे नाव दिसते, तिचा उलगडा जंगलावरून होत नाही.

लोकप्रियतेचे विचाराल तर इंग्लंड-वेल्समध्ये वॉकर एकोणिसाव्या शतकापासून पहिल्या वीस आडनावांत आहे. फुलर आणि टकर त्याच्या खूप खाली. धंदा एकच, मग हा फरक का? माझ्या मते कारण लोकसंख्येत आहे. कापडाचा उद्योग दक्षिणेतून आणि नैर्ऋत्येतून हळूहळू सरकला आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वेस्ट रायडिंग आणि लँकेशरमध्ये एकवटला. १७७९ मध्ये हॅलिफॅक्सला पीस हॉल उघडला. आसपासच्या डोंगरांतले विणकर तिथे आपापल्या कापडाचे तागे विकायला आणत आणि त्या एका इमारतीत तीनशेहून अधिक खोल्या होत्या. पुढे गिरण्या आल्या, गावांची शहरे झाली, कुटुंबे वाढली. त्या मुलखातली सगळीच आडनावे त्या लोंढ्याबरोबर फुगली. वॉकर नेमके त्या भागातले होते. टकर डेव्हनमध्ये मागे राहिले.

अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत हे आडनाव लावणारे पाच लाखांहून अधिक होते. त्यांतला साधारण तिसरा हिस्सा कृष्णवर्णीय. त्यांच्या पूर्वजांचा यॉर्कशरच्या कापडाशी काही संबंध नव्हता. गुलामगिरीत मालकाचे नाव लागले, किंवा १८६५ नंतर स्वातंत्र्य मिळाल्यावर कुटुंबाने एखादे नाव निवडले. ‘वॉकर म्हणजे कापड तुडवणारा’ हे शब्दाबद्दल खरे आहे, प्रत्येक वॉकर माणसाबद्दल नाही, हे मी याच कारणाने पुन्हापुन्हा सांगतो. केसांच्या प्रसाधनांचा मोठा उद्योग उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांचे जन्मनाव सारा ब्रीडलव्ह. १८६७ मध्ये लुइझियानात गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी त्या जन्मल्या. वॉकर हे नाव त्यांना पती चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याकडून मिळाले आणि अमेरिकेत ते त्यांनी पतीपेक्षा कितीतरी मोठे केले.

आडनाव मधले नावही होते. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यातला डब्ल्यू म्हणजे वॉकर. त्यांचे पणजोबा, आजीचे वडील, जॉर्ज हर्बर्ट वॉकर हे सेंट लुइसचे बँकर होते आणि गॉल्फमधला वॉकर कप त्यांच्याच नावाचा.

भारतात हे आडनाव घरोघरी पोचले ते दोन वाटांनी, आणि दोन्हींचे मूळ एकच. जॉन वॉकर याने १८२० मध्ये स्कॉटलंडमधल्या किल्मार्नक गावी किराणा दुकान चालवायला घेतले. पुढे त्याच्या वारसांनी व्हिस्कीचा ब्रँड घडवला आणि १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने त्यासाठी ऐटीत पावले टाकत निघालेला माणूस काढला. तुमच्या व्याह्यांच्या मनात ‘पायी चालणारा’ पक्का बसला असेल तर त्यात त्या बाटलीवरच्या चित्राचा वाटा नक्की असावा. दुसरी वाट आपल्या मुंबईची. इंदूरच्या एका गिरणी कामगाराचा मुलगा बदरुद्दीन जमालुद्दीन काझी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता. गुरुदत्तने त्याला पडद्यावर आणले आणि व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे नाव दिले. तो दारुड्याची भूमिका अप्रतिम करी आणि स्वतः दारूला शिवत नसे.

आता मानचिन्ह. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला नसते, माणसाला असते. १४८४ पासून चालत आलेली कॉलेज ऑफ आर्म्स ही लंडनमधली संस्था ते व्यक्तीला देते आणि त्या व्यक्तीच्या पुरुषवंशातल्या औरस वारसांना ते लावता येते. इतिहासात अनेक वॉकरांना वेगवेगळी चिन्हे मिळाली. दुकानात किंवा संकेतस्थळावर ‘वॉकर कुटुंबाचे चिन्ह’ म्हणून जे विकतात ते त्यांपैकी कुणा एकाचे असते. जावयाची त्या माणसापर्यंतची वंशावळ कागदांनी सिद्ध होत नसेल तर ते दुसऱ्याचे चिन्ह आपल्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. बारशाच्या भेटीत खोटेपणा कशाला हवा?

एक कुळ की अनेक, या प्रश्नावर जनुकशास्त्राचेही उत्तर आहे. आडनाव बापाकडून येते, वाय गुणसूत्रही बापाकडून येते, म्हणून दोन्हींची तुलना करता येते. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये अशी तुलना प्रसिद्ध केली. अटेनबरो या दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांपैकी ८७ टक्क्यांचे वाय गुणसूत्र एकमेकांशी जुळले, म्हणजे मूळ पुरुष बहुधा एकच. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत मात्र कुठल्याही दोन परक्या माणसांत असावे त्याहून अधिक साम्य दिसले नाही. वॉकर हे त्या दुसऱ्या प्रकारातले. ज्या ज्या खोऱ्यात ओढा होता, मेंढ्या होत्या आणि चक्की होती, तिथे तिथे ते स्वतंत्रपणे जन्मले. त्यामुळे जावयाला ऑफिसात दुसरा वॉकर भेटला तर तो भाऊबंद निघण्याची शक्यता फार थोडी.

मग तुम्ही काय करावे? पणजोबांपासून मागे चला, कधीही मध्ययुगापासून पुढे येऊ नका. घरात जुना विवाहदाखला शोधा. इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी आहे आणि विवाहदाखल्यात वधूवरांच्या वडिलांचे नाव आणि धंदा असतो. आयांची नावे त्यात २०२१ पासूनच लिहू लागले, म्हणून आजीकडच्या शाखा शोधायला जन्मदाखला लागतो. नंतर जनगणना. १९२१ ची सर्वांना खुली झाली आहे. १९११ ची घरच्याच माणसाने स्वतःच्या हाताने भरलेली मिळते. मागे जाताना १८५१ ची चुकवू नका, कारण तीत जन्मगावाचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, दिलेला असतो. १८४१ मध्ये तो नाही, आणि पंधरा वर्षांवरच्यांची वये बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत. ‘वय २५’ दिसले तर तो माणूस एकोणतीसचाही असू शकतो.

त्यामागे चर्चच्या नोंदी. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ मध्ये निघाला आणि हॅलिफॅक्सच्या मुख्य चर्चची वही त्याच वर्षापासून आहे, हे भाग्य फार थोड्या गावांना लाभले. इथे एक धोका आहे. हॅलिफॅक्सचा पॅरिश अवाढव्य होता आणि त्यात एकाच दशकात जॉन वॉकर नावाची अनेक मुले बाप्तिस्मा घेतात. वस्तीचे नाव, बापाचा धंदा, साक्षीदार, मृत्युपत्र यांतले काही जुळल्याशिवाय कुठलाही जॉन आपला म्हणू नका. इंटरनेटवरच्या बऱ्याच वंशावळी याच ठिकाणी चुकीच्या घरात शिरतात. कुटुंब मेथडिस्ट किंवा दुसऱ्या स्वतंत्र पंथाचे असेल तर चॅपलच्या वह्या वेगळ्या बघाव्या लागतात, आणि त्या डोंगराळ भागात असे लोक पुष्कळ होते.

१५३८ च्याही मागे जायचे झाले तर वेकफील्डच्या जहागिरी न्यायालयाच्या गुंडाळ्या आहेत. त्या १२७४ पासून आहेत आणि हॅलिफॅक्सभोवतालची सॉवरबी, हिपरहोम, रॅस्ट्रिक ही गावे त्याच जहागिरीत होती. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, कुणाची गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरली, कुणी दंड भरला, सगळे त्यांत आहे. मूळ लिखाण लॅटिन असले तरी बऱ्याच गुंडाळ्यांचे इंग्रजी भाषांतर छापले गेले आहे. तिथे एखादा वॉकर सापडला तरी त्याच्यापासून जावयापर्यंतची साखळी बहुधा जोडता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जमीन बापाकडून मुलाकडे जाताना त्याच न्यायालयात नोंदली गेली असेल, तरच जुळण्याची आशा. तेव्हा पुढच्या वेळी व्याह्यांशी बोलाल तेव्हा टपाल बाजूला ठेवा आणि विचारा की पणजोबांचे घर हॅलिफॅक्सच्या नेमके कुठल्या वस्तीत होते, आणि ते स्वतःचे होते की भाड्याचे.